तालमीत टाकलं की अंग धरतं, मग अंग उतरवायचं कुठे?

गेल्या महिन्यात एक आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीतला. वजन ७२ किलो, उंची १५४ सेंटीमीटर. मानेच्या मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा. त्याची आई तो पट्टा वर्षभर साबणानं घासत होती. आजोबांनी बसल्या बसल्या फाईल पुढे केली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ह्याला कराटेला टाकून सहा महिने झाले. महिन्याची फी भरतो. अन् वजन उलट चार किलोनं वाढलं. बंद करावं का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "आम्हाला बापानं तालमीत टाकलं होतं, अंग धरावं म्हणून. ह्याला टाकलं अंग उतरावं म्हणून. दोन्ही कामं एकाच तालमीतून कशी व्हायची?"

बाहेर बारा पेशंट बसले होते. मी त्या दिवशी मोजमापं घेतली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि क्लास बंद करू नका एवढंच सांगितलं. पण आजोबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. तो नुसता वैद्यकीय प्रश्न नाही, त्यामागे मोठा इतिहास आहे. तुमच्याही घरात कुणी कराटे, तायक्वांदो, ज्युदो, कुस्ती किंवा लाठीकाठीला जात असेल, तर तो इतिहास तुमच्या कामाचा आहे. म्हणून या वेळी डायबेटीस आणि बीपी बाजूला ठेवून थोडं मागे जाऊ या.

आपल्या भागातला पैलवानांविषयीचा एक जुना, तपशीलवार मजकूर मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात सापडतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या नावावर हा ग्रंथ आहे, काळ इ. स. ११३० च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. आपल्या उमरगा-निलंग्याच्या पलीकडे, १९५६ पर्यंत आपल्यासारखंच हैदराबाद राज्यात असलेलं गाव. या ग्रंथात मल्लांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय, बांधा आणि ताकद बघून वर्गवारी केलेली आहे. व्यायामही वेगवेगळे सांगितलेत: भार उचलण्याचा, चालण्याचा, पाण्यात पोहण्याचा, हाताला हात भिडवून जोर करण्याचा आणि खांबावरचा. आज एखाद्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरला विचारा, तो वजनाचे व्यायाम, दमाचे व्यायाम आणि लवचीकपणाचे व्यायाम एकत्र करा म्हणेल. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या राजधानीत साधारण हेच लिहून ठेवलं होतं.

पण या प्रकरणातला मल्ल हा राजाच्या पदरचा माणूस आहे. त्याला खाऊ-पिऊ घालून बळकट करायचं, भरपूर पौष्टिक आहार द्यायचा, हा त्यातला विचार. वजन ही तिथे कमाई आहे. चरबी कमी करण्यासाठी कुणी तालमीत यायचं नाही.

लठ्ठपणाची चिंता त्या काळी तालमीत नव्हती, वैद्याच्या घरी होती. चरकसंहितेत निंदनीय मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांची यादी आहे. त्यात अतिकृश आणि अतिस्थूल दोघेही येतात. या दोघांतही चरकाला कृश माणूस बरा वाटतो, कारण स्थूल माणसावर उपचार करणं अवघड. (तीस वर्षं प्रॅक्टिस केल्यावर या मताशी मी मुकाट्यानं सहमत आहे.) सुश्रुत स्थूलपणा उतरवायला व्यायामासारखं दुसरं काही नाही असं सांगतो, आणि लगेच मर्यादाही घालतो: आपल्या ताकदीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा. निम्मं कसं ओळखायचं? श्वास तोंडानं घ्यावा लागू लागला की निम्मं झालं. आम्ही आज पेशंटला सांगतो, व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. त्याच चालीची ही खूण आहे. तुमचा मुलगा क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात धापा टाकत कोपऱ्यात बसत असेल, तर त्याची लाज काढू नका. तो सुश्रुताच्या रेषेच्या फार पुढे गेलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे आपल्याकडे दोन वेगळे रस्ते होते. वैद्य स्थूल माणसाला व्यायाम सांगायचा आणि उस्ताद बारक्या पोराला खुराक सांगायचा. हे दोन रस्ते एकत्र आले ते फार उशिरा, आणि आजोबांचा गोंधळ त्या चौरस्त्यावरचा आहे.

मधला काळ भराभर सांगतो. मल्लखांबाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी आव्हान दिलं. तरुण बाळंभटदादा देवधर पुढे झाले, सप्तशृंगीच्या गडावर जाऊन तयारी केली आणि परत येऊन अलीला हरवलं, अशी कथा परंपरेनं चालत आली आहे. मल्लखांबाचं पुनरुज्जीवन बाळंभटदादांनी केलं असं मानतात. गंमत म्हणजे या गोष्टीत आपण औरंगाबादकर त्या वेळी समोरच्या बाजूला होतो! गोष्टीतला महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. आडदांड वजनाला चपळाईनं हरवता येतं, हा विचार इथे ठळकपणे पुढे येतो. मल्लखांबावर स्वतःचं वजन स्वतःलाच पेलावं लागतं, तिथे फुकटचं वजन चालत नाही.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, १८७८ साली शस्त्रबंदीचा कायदा झाला. तलवार, पट्टा, भाला ही शिकण्याची साधनं मिरवणुकीपुरती उरली. मर्दानी खेळ कोल्हापूरकडच्या तालमींनी जपले, शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. आपल्या मराठवाड्यात नांदेडला हल्लाबोल मिरवणुकीत आजही गतका बघायला मिळतो. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारी तालीम राहिली. तिथे मातीत तेल-हळद मुरायची, आणि घरी पोराच्या वाटणीचं दूध वेगळं काढून ठेवलं जायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र एक मोठा बदल झाला. आजच्या प्रत्येक कराटे क्लासचं मूळ त्यात आहे, म्हणून तिथे थोडं थांबू या.

बडोद्याला राजरत्न माणिकराव यांनी एकेका शागिर्दाला घडवण्याऐवजी शेकडो मुलांना एका हुकमावर व्यायाम शिकवायची पद्धत बसवली. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाच्या क्रियांचं प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केलं. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेला हनुमान आखाडा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. बडोद्याहूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत आणला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आधी जवळजवळ दहा वर्षं सँडोच्या साधनांनी व्यायाम केला. मग मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. व्यायाम हा पैलवानाचा धंदा न राहता शाळकरी मुलांचा रोजचा कार्यक्रम झाला. माझ्या मते या पिढीचं श्रेय आपण फार कमी देतो.

जवळजवळ त्याच वर्षांत हजारो मैल दूर जपानमध्ये नेमकं हेच घडत होतं. जिगोरो कानो हे लहानपणी किरकोळ अंगाचे होते. १८८२ साली त्यांनी टोकियोतल्या एका देवळात कोडोकान सुरू केलं. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव सरावाच्या झोंबीतून बाजूला काढले, पडायचं कसं हे आधी शिकवलं आणि त्याला ज्युदो म्हटलं. कानो पेशानं शिक्षक होते, पुढे शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले. तिकडे ओकिनावा बेटावर आन्को इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे प्राथमिक शाळेत आणलं. मोठ्यांचे अवघड काता मुलांना झेपेनात, म्हणून त्यांनी पिनान नावाचे पाच सोपे काता बसवले. १९०८ साली त्यांनी लिहिलेल्या दहा मुद्द्यांच्या पत्रात कराटे शाळांतून शिकवावं, त्यानं मुलांची शरीरं घडतील, असा आग्रह आहे. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी या कातांचं नाव हेयान केलं. तुमचा मुलगा पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेसाठी हॉलमध्ये जो हेयान शोदान घोकत असतो, तो मुळात शाळकरी पोरांच्या तब्येतीसाठीच बसवलेला आहे!

आणि तो पट्टा? पांढरा-काळा कानोंचा. मधले पिवळे, केशरी, हिरवे रंग युरोपात रुळले. १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी ते लोकप्रिय केले. युरोपातल्या शिष्यांना वर्षानुवर्षं पांढऱ्या पट्ट्यावर थांबायचा धीर नव्हता म्हणे. मला विचाराल तर लठ्ठ मुलांच्या दृष्टीनं ही सगळ्यात उपयोगी भानगड आहे. "दहा किलो कमी कर" हे ध्येय तेरा वर्षांच्या मुलाला डोंगराएवढं वाटतं. "तीन महिन्यांनी केशरी पट्टा" हे दिसतं, आणि हातात येतं.

आता आपल्या शहराकडे परत येऊ. स्वतंत्र भारतात १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोखाली, कांस्यपदक मिळवलं. १९७३ साली ब्रूस लीचा सिनेमा आला आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शहरोशहरी पांढऱ्या पोशाखातली पोरं दिसू लागली. आज विद्यापीठाच्या आवारात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, तलवारबाजीसाठी आपलं शहर देशभर ओळखलं जातं. सिडको-हडकोच्या प्रत्येक सेक्टरमध्ये कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयाच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी क्लास भरतो.

पण याच पन्नास वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आजोबांच्या अंगावर लिहिलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात ते बारा वर्षांचे होते. त्यांचे आईवडील खडी फोडायला जायचे. घरात अमेरिकेहून आलेला लाल मिलो शिजायचा आणि कामावर सुकडी मिळायची. त्या सुकडीची चव त्यांना अजून आठवते. अशा पोराला तालमीत टाकणं म्हणजे त्याच्या वाट्याला दूध यावं ही सोय करणं. "अंग धरणं" हा शब्दच भुकेच्या काळातला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं बारकी. पण नीट मोजल्यावर दिसलं, की त्यांचे स्नायू कमी होते, चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्यातून आलेलं हे शरीर. त्याला तीन वेळचं भरपेट जेवण, दुचाकी, मोबाइल आणि बिस्किटाचा पुडा मिळाला की चरबी पोटावर, यकृतात आणि स्नायूंत साठते, आणि इन्सुलिन काम करेनासं होतं. मानेवरचा तो काळा पट्टा इन्सुलिन थकल्याची खूण आहे. तो मळ नाही. घासून जाणार नाही.

म्हणूनच भारतीय मुलांसाठी आम्ही कडक मोजपट्टी वापरतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यांत मोठेपणीच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा जादा वजनाची आणि २७ शी जुळणारी लठ्ठपणाची धरली आहे. लॅन्सेटमध्ये २०२४ साली आलेल्या जागतिक आकडेवारीनुसार ५ ते १९ वयोगटातली सव्वा कोटी भारतीय मुलं २०२२ साली लठ्ठ होती. १९९० साली हाच आकडा चार लाखांच्या आसपास होता. एका पिढीत झालेला हा बदल आहे. तालमीची भाषा मात्र जुनीच राहिली. अजूनही क्लास सुटल्यावर "दमलाय पोरगा, बदाम दूध दे त्याला" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं.

हिशेब बघा. नवशिक्या मुलांचा तासाभराचा कराटेचा वर्ग, रांगेत उभं राहणं आणि पाळी येण्याची वाट बघणं धरून, ६० किलोच्या मुलाचे साधारण ३०० कॅलरी खर्च करतो. क्रांती चौकातला एक वडापाव तेवढ्याच कॅलरी पाच मिनिटांत परत देतो. साखर घातलेलं बदाम दूध त्यावर प्यायलं की खातं जादा जमेत. आजोबांच्या काळी उस्तादाचा खुराक बरोबर होता, कारण समोरचा पोरगा उपाशी होता. तोच खुराक, तेच तूप, वर हल्ली कुणीतरी सुचवलेली प्रोटीन पावडर, हे सगळं ७२ किलोच्या मुलाला दिलं तर तालीम त्याचं अंग धरवणारच. तालमीनं तिचं जुनं काम इमानेइतबारे केलं, एवढंच.

मग या खेळांनी वजन कमी होतं की नाही?

ऑस्ट्रेलियात सिडनीला एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जादा वजनाची २० किशोरवयीन मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला कुंग फू, दुसऱ्याला संथ ताय ची. आठवड्यातून तीनदा, सहा महिने. शेवटी काय दिसलं? शरीरातल्या चरबीचं प्रमाण थोडं घटलं आणि स्नायू वाढले, पण ते दोन्ही गटांत. दोन गटांत त्या बाबतीत फरक पडला नाही. वाढत्या वयात स्नायू तसेही वाढतात, त्यामुळे याचं श्रेय कुंग फूला देता येत नाही. कुंग फूवाल्यांचा दम मात्र ताय चीवाल्यांपेक्षा स्पष्ट सुधारला, पायांची ताकद वाढली, हातांचा टिकाव वाढला. वीस मुलांवरून जगाचा कायदा करता येत नाही हे खरं. पण दवाखान्यात मी जे बघतो त्याच्याशी हे जुळतं: काटा फारसा हलत नाही, शरीर मात्र आतून बदलायला लागतं. स्नायू हा रक्तातली साखर खाणारा सगळ्यात मोठा अवयव आहे. त्याला काम मिळालं की वजन तेच असतानाही इन्सुलिन पुन्हा ऐकायला लागतं. म्हणून नुसता वजनकाटा बघून क्लास बंद करणं म्हणजे ताप उतरला नाही म्हणून तिसऱ्याच दिवशी टीबीचं औषध बंद करण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. शाळेच्या मैदानावर शंभर मीटर धावायला लावलं की जाड मुलगा शेवटचा येतो. सगळ्यांसमोर, दर वेळी. मग तो पोटदुखीचं कारण सांगून पीटीचा तास चुकवतो. कुस्ती, ज्युदो, तायक्वांदो यांत वजनी गट असतात. तिथे त्याच्याच वजनाचा जोडीदार समोर येतो, आणि जमिनीवरच्या झोंबीत त्याचं वजन कामाला येतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी "वर उठ, चांगला दाबलास" म्हणतं. मुलं खेळ सोडतात ती बहुतेक वेळा लाजेमुळे, दमल्यामुळे नाही. जो खेळ मुलगा सोडत नाही, तो त्याच्यासाठी चांगला खेळ. मुलींच्या बाबतीत तर मी हे दुप्पट जोरानं सांगेन. पाळी अनियमित झालेल्या, पीसीओएसची सुरुवात असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना घरचे पहिल्यांदा मैदानावरूनच काढून घेतात. स्वसंरक्षणाचा क्लास हे घरच्यांना पटणारं कारण असतं, ते जरूर वापरा.

आता धोके. हे न सांगता मुलाला मॅटवर पाठवलं तर मी डॉक्टर कसला!

लठ्ठ मुलांत दहा ते सोळा वयात खुब्याच्या सांध्यातलं मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या कूर्चेवरून घसरू शकतं. फसवी गोष्ट अशी, की दुखणं पुष्कळदा गुडघ्यात किंवा मांडीत जाणवतं. क्लासमध्ये मुरगळलं असेल म्हणून आपण बाम चोळत बसतो. जाड मुलगा लंगडतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळतंय, गुडघा दुखतो म्हणतोय पण गुडघ्याला सूज नाही, तर खेळ त्याच दिवशी थांबवा, त्याला चालवू नका आणि खुब्याचा एक्स-रे त्याच दिवशी काढा. वेळेत कळलं तर शस्त्रक्रियेनं सांधा वाचतो. उशीर झाला तर ऐन तारुण्यात खुबा निकामी होऊ शकतो.

दुसरा धोका वजनी गटाचाच. जो गट मुलाला सन्मान देतो, तोच स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात त्याला उपाशी ठेवतो. १९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरच्या जेमतेम महिनाभरात अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान झटपट वजन उतरवताना मेले. रबरी कपडे घालून घाम काढणं, पाणी बंद ठेवणं, गरम खोलीत व्यायाम. त्यानंतर तिथले नियम बदलले. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाद झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ती जाणती खेळाडू, भोवती डॉक्टरांचा ताफा. तुमच्या नववीतल्या मुलाला कुणी "शनिवारपर्यंत दोन किलो काढ, पाणी पिऊ नको" असं सांगितलं, तर त्या स्पर्धेला पाठवू नका. किंवा वरच्या गटात खेळू द्या, हरला तर हरला. मे महिन्यातल्या आपल्या ४२ डिग्रीत तर हा प्रयोग जिवावर बेतेल.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. क्लास लावण्याआधी अर्धा तास मागे बसून बघा. पडायचं कसं ते आधी शिकवतात का? पाणी प्यायला थांबवतात का? जाड मुलाला काही नावं ठेवली जातात का? चूक झाली की शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावणारा शिक्षक मुलाला व्यायामाचाच तिटकारा शिकवतो. दम्याचा पंप असेल तर तो किटमध्ये राहू द्या आणि सरांना सांगून ठेवा. आठवड्यातले तीन तास क्लासचे, पण जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. उरलेले चार दिवस सायकल, पोहणं, हिमायत बागेतली चक्कर, काहीही चालेल. आणि क्लासनंतर काय द्यायचं? पाणी. भूक असेल तर जेवणाची वेळ तीच ठेवा: भाकरी, वरण किंवा मटकीची उसळ, कोशिंबीर. फुटाणे चालतील. बदाम दूध सणाला.

त्या मुलाकडे परत येतो. सहा महिन्यांपूर्वीची त्याची नोंद शाळेच्या आरोग्य कार्डावर होती: ६८ किलो, १५० सेंटीमीटर, कंबर ९४. आता ७२ किलो, १५४ सेंटीमीटर, कंबर ९२. बीएमआय आधीही ३० होता, आताही ३० आहे. चार किलो वाढले तेव्हा चार सेंटीमीटर उंचीही वाढली होती, आणि कंबर दोन सेंटीमीटरनं आत गेली होती. त्याच्या उंचीच्या निम्मी म्हणजे ७७ पर्यंत ती यायला हवी, तेव्हा रस्ता लांब आहे. यकृतावर चरबी आहे, उपाशीपोटीची साखर अजून हद्दीत आहे. मी आजोबांना हे आकडे कागदावर मांडून दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. मी विचारलं, क्लासला जायचंय का? तो म्हणाला, "आता जिना चढताना थांबावं लागत नाही. अन् पुढच्या महिन्यात केशरी पट्ट्याची परीक्षा आहे."

आजोबा माझ्याकडे न बघता नातवाकडे बघत म्हणाले, "दूध तेवढं बंद करू घरचं?" मी म्हटलं, दूध चालू द्या, साखर आणि बदामाची पूड काढा. तीन महिन्यांनी परत बोलावलंय. येताना मोजपट्टी घरूनच लावून यायची आहे, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. परीक्षेचा निकालही सांगायचा आहे.